दिवस मावळायच्या आतला गूळ

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. स्टीलचा, दाबून बसवायच्या झाकणाचा. एखादा डबा माणसाच्या जिवावर उठला, असं तुम्ही कधी ऐकलं नसेल. गेल्या भाद्रपदात एका संध्याकाळी माझ्यामुळं ती वेळ आली होती. ते सगळं सांगतो, पण थोडं मागून सुरुवात करायला हवी.

माझ्या पोटावर नाव कोरलेलं आहे: 'सौ. रत्ना श्रीपाल मगदूम, १९८४'. शिरोळच्या एका बागायतदारानं लेकीच्या लग्नात जी भांडी दिली, त्यातला मी. दुकानात नाव घालणाऱ्यानं टोकदार यंत्र अंगावर फिरवलं, तेव्हा बुडापासून काठापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. त्या झिणझिण्या ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहेत.

रत्नाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या जिन्यावरच्या घरात त्या आल्या आणि फळीवर मी. माझ्या पोटात शेंगदाण्याचे लाडू असायचे, दिवाळीत चकल्या, आणि बारमाही बिनलसणाची भडंग. जैनांच्या घरी लसूण कुठला? पण जिरं-कढीपत्त्याची फोडणी अशी बसायची, की खाणाऱ्याला लसणाची आठवण होत नसे. खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाई तर म्हणायच्या, "रत्ने, तुझ्या डब्यात हात घातला की मनगट अडकतंय बघ." रत्नाबाई कामाच्या घाईत येत, डाव्या हातानं मला छातीशी धरत आणि उजव्या अंगठ्यानं झाकण टप्‌ करून उडवत. तो टप्‌ आवाज म्हणजे माझी शाबासकी होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात गावाकडच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराज आले होते. बायका नियम घ्यायला बसल्या. सूर्य मावळल्यावर खायचं नाही, हा तो नियम. जवळजवळ प्रत्येकीनं हात जोडून सांगितलं, "महाराज, औषध-पाण्याची सूट ठेवून." रत्नाबाईंची पाळी आली, तेव्हा त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "मला सूट नको."

घरी आल्यावर सासूबाईंनी, म्हणजे चिमणाबाईंनी, लाडू माझ्यात भरता भरता सांगितलं होतं, "पोरी, अंग काय कायम एकोणीसचं ऱ्हात न्हाय." रत्नाबाई हसल्या. मीही नवाच होतो, मलाही ते हसण्यासारखंच वाटलं.

चाळीस वर्षं तो नियम पाळला गेला. बाळंतपणात, तापात, लग्नाकार्यात. दिवस मावळायच्या आत जेवण, मग भांडी पालथी. चार वर्षांपूर्वी श्रीपालराव गेले, त्या दिवशीही कुणी आग्रह केला नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

मग साखर आली. डब्यातली नव्हे, रक्तातली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, "ही घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. विसरायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी सुनेनं, ऐश्वर्यानं, मला रिकामं केलं. ती पतपेढीत कामाला जाते, बोलते कमी आणि करते जास्त. भडंग गेली, लाडू गेले. माझ्यात फुटाणे आले, भाजलेले शेंगदाणे आले आणि मखाणे. एका कोपऱ्यात तिनं छोट्या पुडीत गुळाचे चार खडे बांधून ठेवले.

"आत्ती, रोज पाच वाजता ह्यातलं मूठभर. ओंजळभर न्हाय, मूठभर. आणि कधी घाम फुटला, हातपाय थरथरले, तर ही पुडी. विचार करत बसायचं न्हाय."

रत्नाबाईंनी एक मखाणा चिमटीत धरून उजेडाकडं केला. "हे काय गं? कबुतराला घालतात ते?"

"चाळीस वर्सं तुम्ही आम्हाला खाऊ घातलासा, आता आमचं ऐका की जरा."

"ऐकत्ये की. बहिरी झाली न्हाय अजून."

खरं सांगू, मित्रांनो? मला त्या मखाण्यांचा अपमान वाटला होता. वजनच नाही त्यांना! पण महिनाभरात रत्नाबाई पाच वाजता स्वतःहून फळीकडं यायला लागल्या. जिना चढल्यावरची धाप कमी झाली. दुपारची गुंगी गेली. भडंग अगदीच सुटली होती असं मात्र नाही. तांदळाच्या पिंपात, तांदळाखाली, तिची एक पिशवी पुरलेली असायची. ते मला माहीत होतं आणि पिंपाला. आम्ही भांडी चुगल्या करत नाही.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच माहीत होती. रत्नाबाईंचा अंगठा माझ्या झाकणाशी आता अडखळत होता. पहिल्यांदा एकाच्या जागी दोन हात लागायला लागले. मग पदराचं टोक मध्ये घेऊन पिळणं आलं. बोटांच्या टोकांना सारख्या झिणझिण्या यायच्या आणि चहाचा कप गरम आहे की गार, हे त्यांना ओठाला लावल्यावर कळायचं. आषाढात एकदा मी त्यांच्या हातून निसटलो आणि कट्ट्याच्या कडेवर आपटलो. काठ एका बाजूनं आत दबला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि मला आतून ठोकलं. काठ सरळ झाला नाही, वाकडा तो वाकडाच राहिला आणि झाकण पहिल्यापेक्षा घट्ट बसायला लागलं.

संध्याकाळी ऐश्वर्यानं विचारलं, "डब्याला काय झालं?"

"मांजर," रत्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावर मांजर कुठून येणार? पण सुनेला भाजी निवडायची होती. तिनं पुढं विचारलं नाही. त्या एका प्रश्नावर सगळं थांबलं असतं, असं मला आजही वाटतं.

भाद्रपदातली ती सकाळ भांडणानं उजाडली. ऐश्वर्या तांदूळ काढायला गेली आणि वाटीला भडंगची पिशवी लागली.

"आत्ती, माझं काय वैर हाय काय तुमच्याशी?" तिनं पिशवी ओट्यावर आपटली. "मी तुमचं खाणं तोडत्ये असं वाटतंय व्हय तुम्हाला?"

"मला माझ्या घरात लपून खायची पाळी आली, हे तुला बरं वाटतंय काय?"

"मग उघड खावा! पण मग मला दवाखान्यात बोलवू नका."

बोलून गेल्यावर ऐश्वर्यानं जीभ चावली. पण शब्द गेला होता. अनेकांत, म्हणजे रत्नाबाईंचा लेक, शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला आधीच गेला होता आणि दुसरी पाळीही करून रात्रीच येणार होता. मध्ये पडायला कुणी नव्हतं. ऐश्वर्या पर्स घेऊन जिना उतरली.

दुपारी रत्नाबाई अर्धीच भाकरी जेवल्या. पाच वाजले. त्या फळीसमोर आल्या, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "ऱ्हाऊ दे तिचं कबुतराचं खाणं," असं पुटपुटल्या. माझ्यात मूठभर फुटाणे त्यांची वाट बघत होते. राग माझ्यावर नव्हता, पण उपाशी राहण्यानं तो ज्याच्यावर होता त्याच्यापर्यंत पोचतो, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

पावणेसहाला त्यांनी गोळी मात्र घेतली. डॉक्टरांचा धाक होता. मग पीठ मळायला घेतलं. पहिली भाकरी तव्यावर पडली आणि शेगडीची ज्योत निळी, बारीक होत होत विझली. सिलिंडर संपलं होतं. भरलेलं सिलिंडर कोपऱ्यात होतं, पण त्याच्या तोंडाचं टोपण ओढायला बोटांत जोर लागतो. रत्नाबाईंनी दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. मग तिथंच टेकल्या.

खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. सूर्य दिसत नव्हता, नुसता ढगांच्या मागं एक मळकट उजेड होता आणि तो उतरत होता.

साडेसहाला दहा मिनिटं असतील. रत्नाबाईंच्या कपाळावर घाम आला. हात थरथरायला लागले. त्यांना कळलं. त्या उठल्या, भिंतीला धरत फळीपाशी आल्या आणि त्यांनी मला खाली घेतलं. ओट्यावर दूध होतं, टोपलीत केळी होती. पण साखर उतरली की विचारही उतरतो, मित्रांनो. त्यांना फक्त ती पुडी आठवली, आणि पुडी माझ्या पोटात होती.

अंगठा लागला. झाकण हललं नाही.

दोन्ही हात लागले. बोटं घामानं घसरली. पदर घेतला, पदरही घसरला. मी माझ्याकडून काठ सैल सोडायला पाहत होतो, पण स्टीलला सैल होता येत नाही. जिथं बत्ता बसला होता, तिथंच झाकणाची कड रुतली होती. त्यांनी मला दातांत धरलं. खिडकीकडं पाहिलं. पुन्हा मला पिळलं. त्यांचा श्वास माझ्या झाकणावर वाफ धरत होता आणि प्रत्येक वेळी ती वाफ लहान होत होती.

"अरे उघड की," त्या मला म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या, आणि मला ते करता आलं नाही.

मग हात सुटले. मी खाली पडलो. पडणं माझ्या हातात नव्हतं, पण वाजणं होतं. मी वाजलो. फरशीवर आपटलो, आडवा झालो, उघड्या दारातून गडगडत बाहेर गेलो आणि जिन्याच्या एकेका पायरीवर अंग आपटत, होता नव्हता तेवढा आवाज करत खाली निघालो.

"कोण गं ते! जिन्यात काय ढोल बडवायला लागलाय व्हय?" झुंबरबाईंचं दार उघडलं. त्या महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. सगळी शाळा एका हाकेत गप्प करायचा घसा त्यांचा. त्यांनी मला उचललं, पोटावरचं नाव वाचलं आणि वर पाहिलं. हाक मारली. उत्तर आलं नाही.

पासष्ट वर्षांची ती बाई दोन-दोन पायऱ्या चढत आली.

रत्नाबाई ओट्याला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, पण नजर लांब. "पुडी," एवढंच म्हणाल्या. झुंबरबाईंनी झाकणावर बोट लावलं, हललं नाही. मग मला उंबऱ्यावर असं आपटलं, की माझे डोळे असते तर पांढरे झाले असते. झाकण उडालं. फुटाणे घरभर झाले. झुंबरबाईंनी गुळाचा खडा रत्नाबाईंच्या ओठांपाशी धरला.

रत्नाबाईंनी तोंड मिटून घेतलं.

"झुंबर... दिवस गेला काय?"

तो क्षण फार लांब होता. झुंबरबाईंनी खिडकीकडं पाहिलं. मग त्या सरकल्या आणि आपल्या आडव्या अंगानं सगळी खिडकी झाकून बसल्या.

"कुठला गेलाय! लख्ख हाय की अजून. ढग आलाय नुसता. तोंड उघड, न्हायतर मी माझ्या हातानं उघडीन."

रत्नाबाईंची नजर खाली आली. मी त्यांच्या मांडीजवळ आडवा पडलो होतो. माझ्या चेपलेल्या पोटावर, बरोबर 'रत्ना' या अक्षरांवर, झुंबरबाईंच्या काखेखालच्या फटीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा ठिपका पडला होता. दिवे लागले होते. त्यांनी तो ठिपका पाहिला. मी शपथेवर सांगतो, पाहिला. त्यावर एकदा बोट ठेवलं, आणि मग तोंड उघडलं.

एक खडा. दुसरा खडा. तिसऱ्यानंतर त्यांनी पाणी मागितलं आणि मोठमोठ्यानं रडायला लागल्या.

ऐश्वर्या आली, तेव्हा पायाखाली फुटाणे कुरकुरले. तिनं साखर मोजायच्या यंत्रानं बोटावरचा रक्ताचा थेंब तपासला. टोचलं तरी रत्नाबाईंचं बोट हललं नाही. ऐश्वर्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग दुसऱ्या बोटाला चिमटा काढला. मग तिसऱ्या.

"आत्ती, कधीपासनं हे?"

"उन्हाळ्यापासनं."

"आणि मांजर?"

"मीच." रत्नाबाई खाली बघत होत्या. "काय सांगू तुला? माझा हात म्हातारा झाला, झाकण उघडंना, असं सांगू व्हय? घे मग तो डबा पण काढून माझ्याकडनं."

ऐश्वर्यानं यंत्र बाजूला ठेवलं. खाली बसून एकेक फुटाणा वेचत राहिली. मग म्हणाली, "सकाळी मी दवाखान्याचं बोलले, ते..." रत्नाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला तिचे केस कळत होते की नाही, कोण जाणे. पण हात तिथंच राहिला.

डॉक्टरांनी गोळी बदलली, बोटांचं औषध सुरू केलं. रत्नाबाई बस्तीत गेल्या आणि जे घडलं ते सगळं सांगून आल्या. चाळीस वर्षांपूर्वी जी सूट नको म्हणाल्या होत्या, ती आता हात जोडून मागून आल्या. औषधाची. परत आल्यावर झुंबरबाईंकडं गेल्या, मला घेऊन. माझ्यात मखाणे होते.

"झुंबर, खरं सांग. त्या दिवशी दिवस होता काय?"

"माझ्या डोळ्याला होता. मोतीबिंदू हाय मला."

"खोटारडी."

"खा गप कबुतराचं," असं म्हणून झुंबरबाईंनी माझ्यात हात घातला. मनगट अडकलं नाही. माझा काठ आता गुळगुळीत आहे. अनेकांतनं मला शिरोलीला नेलं होतं. तिथल्या फिटरनं काठ कानशीनं घासला आणि झाकणाला वर एक कडी लावली. अनेकांत नवा डबा आणतो म्हणाला होता, रत्नाबाईंनीच नको म्हटलं. "मला बदललं काय कुणी?" असं विचारलं त्यांनी.

आता पाच वाजता एक बोट कडीत जातं आणि मी उघडतो. टप्‌ आवाज येत नाही. पहिले काही दिवस मला तो नसल्याचं वाईट वाटायचं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी साठीच्या पुढचं असेल, तर त्यांना प्रश्न विचारू नका, मांजराचं उत्तर येईल. एक घट्ट डबा त्यांच्या हातात द्या, म्हणा, जरा उघडून द्या की. आणि बघत उभे राहा. मी एकट्यानं बघत होतो, आणि मला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.