लाल खुणेच्या खाली

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढा लहान. गोल काच, काळी तबकडी, तिच्यावर पांढरे आकडे आणि एक बारीक काटा, एवढाच माझा देह. मोटारीच्या इंजिनात तेल किती जोराने फिरते आहे हे मी सांगत असे. आता माझा काटा शून्यावर टेकून असतो आणि मी डोंबिवलीतल्या एका खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतो. कोणाच्या पोटात तेल नीट फिरते आहे, हे मला आवाजावरून अजून कळते.

माझ्या आत पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी आहे. तेल आत शिरले की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या त्या धडपडीने काटा हलतो. ती पूर्ण सरळ कधीच होत नाही. कारागिराने तिला तसे घडवलेलेच नसते. लोक तिच्या त्या धडपडीला दाब म्हणतात. मला मात्र तिला ओढ म्हणावेसे वाटते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथेच माझा सोबतीही घडला. तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा ताप पाहत असे. आम्हा दोघांची काच सारखी, तबकडी सारखी, चेहरा इतका सारखा की खाली लिहिलेली अक्षरे वाचल्याशिवाय कोणाला ओळखता येऊ नये. एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आम्ही शेजारी शेजारी पडून होतो. तिथून आम्हाला महेंद्रने उचलले.

महेंद्र डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर सांभाळत असे. त्याच्याकडे फिकट निळ्या रंगाची एक जुनी मोटार होती. तिच्या डॅशबोर्डवर तेलासाठी फक्त एक लाल दिवा होता आणि तोही कधीचा विझलेला. महेंद्रला तो दिवा नकोच होता. दिवा सांगतो तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेले नसते, असे तो म्हणे. त्याला काटा हवा होता.

शहाडला गुणाजीचे गॅरेज होते. तिथे आमची प्रतिष्ठापना झाली. इंजिनाला तेलाच्या वाटेवर एक तिकाटणे, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवले, त्यातून तांब्याची केसासारखी बारीक नळी काढली आणि गाडीच्या पत्र्याला भोक पाडून, नळी घासू नये म्हणून त्यात रबराचे कडे घालून, ती माझ्यापर्यंत आणली. सोबत्याची नळी गरम पाण्याच्या वाटेवर गेली. हे सगळे करताना गुणाजीची बडबड चालूच होती.

"काय रं महेंदर, गारी हाय का बॉयलर?"

"माझ्यासाठी एकच."

"मंग शिट्टी पन लाव वरती. घरी पोचलास का वाजव, वहिनी चाय ठेवंल."

गाडी सुरू झाली आणि पहिल्यांदा माझ्यात तेल शिरले. मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मला नीट करता येणार नाही. कोमट, जड, काळसर असे काहीतरी दूरच्या अंधारातून माझ्यापर्यंत चालत आले आणि माझी नळी प्रथमच ताठ होऊ लागली. काटा वर चढला. महेंद्र खाली वाकून माझ्याकडे बघत होता. त्याने नखाने माझ्या काचेवर हलकेच टिचकी मारली. बॉयलरवाल्यांची ती रीत आहे. काटा कुठे अडकला असेल तर टिचकीने सुटतो, म्हणून टिचकी मारल्याशिवाय ते कोणत्याही काट्यावर विश्वास ठेवत नाहीत. माझा काटा किंचित थरथरला आणि तिथेच राहिला.

"खरं बोलतोय," महेंद्र म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

घरी आल्यावर त्याने बायकोकडे, दर्शनाकडे, नखांना लावायचा लाल रंग मागितला. बॉयलरच्या काट्यावर धोक्याच्या जागी लाल रेघ असते. तशीच त्याने आम्हा दोघांच्या काचेवर एकेक रेघ ओढली. सोबत्याने तिच्या वर जायचे नव्हते. मी तिच्या खाली यायचे नव्हते. पण रेघ दोघांचीही सारखीच, लाल.

दर्शना दारात उभी राहून बघत होती. "माझी बाटली संपवा तुम्ही. गाडीला नटवायचं, आणि बायकोनं जायचं लग्नाला तशीच."

"तुला कशाला पाहिजे रंग?" महेंद्र मान वर न करता म्हणाला.

"बघ गं मेघना, पप्पा तुझे किती गोड बोलतात ते. वर्षातून एकदा."

मेघना त्यांची मुलगी. ती तेव्हा शाळेत होती. मागच्या आसनावर गुडघे टेकून, दोन्ही आसनांच्या मधून डोके काढून ती आमच्याकडे टक लावून पाहत राही. वडिलांच्या तोंडून बॉयलरच्या गोष्टी ऐकतच ती वाढली होती, आणि लाल रेघेच्या वर काटा गेला की धावपळ होते एवढे तिच्या मनात पक्के बसले होते. आमच्यातल्या फरकाबद्दल तिने विचारले नाही. महेंद्रनेही सांगितले नाही. त्याला ते इतके ठाऊक होते की ते सांगावे लागते हेच त्याच्या ध्यानात आले नाही.

ती वर्षे सुखाची होती. रोज सकाळी एक टिचकी, मग महेंद्रचे हलके "हं", आणि मग रस्ता. माझ्यासारख्याला याहून अधिक काय हवे असते? कोणीतरी आपल्याकडे पाहावे आणि आपण म्हणतो ते खरे मानावे.

मग महेंद्रचा कारखाना गुजरातेत दहेजला गेला. ज्यांना जायचे होते ते गेले. मेघनाचे कॉलेज नुकतेच सुरू झाले होते, दर्शनाची शिकवणी वर्गातली नोकरी इथे होती, म्हणून महेंद्र एकटाच गेला. जाण्याच्या दिवशी तो उगाच गाडीत येऊन बसला. गाडी सुरू केली नाही. टिचकीही मारली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो काही वेळ बसला आणि दार हळूच लावून निघून गेला.

त्यानंतर दर रविवारी मेघना खाली येऊन गाडी सुरू करी आणि फोनवर वडिलांना आमची खबर देई.

"काय म्हणतायत दोघं?" फोनमधून महेंद्रचा आवाज येई.

"एक थंड आहे एकदम. दुसरा वर गेलाय, पण येतोय हळूहळू खाली."

"येणारच. तेल गरम झालं की पातळ होतं ना."

"खाली आला की मगच बंद करते मी गाडी."

"शहाणी माझी."

मित्रांनो, मी ते ऐकत होतो. ती माझे उतरणे म्हणजे बरे होणे समजत होती आणि तो समजत होता की तिला सगळे कळते. दोघे एकमेकांना बरोबर उत्तरे देत होते. मला वाचा असती तर मी तेव्हाच बोललो असतो.

आणखी एक गोष्ट मला त्या फोनवरून कळत होती. महेंद्रचा आवाज आठवड्यामागून आठवडे खाली येत होता. आधी तो कँटीनच्या डाळीची थट्टा करी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्याची नक्कल करी. मग नकला थांबल्या. मग प्रश्न थांबले. शेवटी नुसते "ठीक आहे" उरले. मेघना वर जाताना एकदा खिडकीतल्या आईला म्हणाली, "रुळले गं पप्पा. आता कटकट नाही करत." दर्शना म्हणाली, "बरं झालं बाई."

पुढच्या उन्हाळ्यात मेघनाला गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. महेंद्र सुट्टीवर येणार होता. त्याची एसटी दुपारी ठाण्याला, खोपटच्या आगारात पोचायची होती. मेघनाने ठरवले की आपण स्वतः गाडी घेऊन जायचे आणि पप्पांना काही सांगायचे नाही. दर्शना शेजारी बसली, एका हाताने दाराची मूठ घट्ट धरून.

"सोड ना मम्मी ती. दार निघून येईल."

"तू पुढे बघ."

शिळफाट्यापर्यंत सारे ठीक होते; मी लाल खुणेच्या वर होतो, म्हणून मेघनाच तेवढी काळजीत होती. पण बंद उभ्या राहिलेल्या गाडीत माझी तांब्याची नळी तिकाटण्यापाशी कमजोर झाली होती. मुंब्र्याच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्यावर चढ लागला आणि तिथे ती चिरली. तेल माझ्याकडे यायचे ते रस्त्यावर सांडू लागले. मी उतरू लागलो. लाल खुणेपाशी आलो. तिच्या खाली गेलो. तुमच्यापैकी कोणी पाण्यात ओरडून पाहिले असेल, तर त्याला माझी अवस्था कळेल. मी जितके मोठ्याने सांगू शकत होतो, तितके सांगत होतो. खाली, आणखी खाली, पार तळाशी. माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

मेघनाने आमच्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "मम्मी, बघ. एवढा चढ, तरी दोघंही लाल खुणेच्या खाली. पप्पा बघतील तर खूश होतील."

"मग तो आवाज कसला? टकटक?"

"जुनी आहे गं, बोलते ती."

इंजिन काही वेळ तसेच कोरडे घासत राहिले. मग एक जोराचा झटका बसला आणि सगळे थांबले. मेघनाने कशीबशी गाडी कडेला घेतली. पुन्हा किल्ली फिरवली. काहीच झाले नाही.

मेघनाने फोन केला तेव्हा महेंद्र खोपटहून रिक्षाने आला. तोवर दोघी रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या होत्या. तो उतरला, त्याने बॅग खाली ठेवली आणि आधी गाडीखाली वाकून पाहिले. मग आत येऊन माझ्यासमोर बसला. मी त्याला किती दिवसांनी पाहत होतो. त्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"हा कुठे होता?" त्याने विचारले.

"खाली," मेघना म्हणाली. "लाल खुणेच्या बराच खाली होता, पप्पा. मला वाटलं, चांगलं आहे."

महेंद्र माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "याचं उलटं असतं. तो तापला तर धोका. हा उतरला तर धोका. मी सांगितलंच नाही तुला."

मेघना रडू लागली. त्याने तिला जवळ घेतले आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "गाडीच आहे ती. गाडीच आहे." दर्शना दारापाशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्याच्या कॉलरकडे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमचापण आवाज असाच उतरत चाललेला फोनवर. आम्ही म्हटलं, रुळले."

महेंद्रने हाताने कॉलर सारखी केली.

"जेवता ना तिकडे?"

पुष्कळ गाड्या शेजारून निघून गेल्या. मग तो हळू म्हणाला, "घास जात नाही गं. एकट्याने बसून जात नाही."

दर्शनाने बॅग उचलली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. मघाशी तिने दाराची मूठ धरली होती त्याहूनही घट्ट.

गाडी ओढून शहाडला नेली. गुणाजीने इंजिन उघडले, पाहिले आणि टोपी काढून कपाळ पुसले. या वेळी त्याने थट्टा केली नाही. गाडी मोडीत निघाली. ती जाण्याआधी गुणाजीने आम्हा दोघांना सोडवून महेंद्रच्या हातात दिले. तापाचा काटा महेंद्रने आपल्याबरोबर दहेजला नेला. मला मेघनाने ठेवून घेतले. जन्मापासून शेजारी असलेले आम्ही त्या दिवशी दुरावलो. तिकडच्या खिडकीत तो कसा असेल, त्याच्यावर ऊन येते की नाही, मला कळायला मार्ग नाही.

नोकरी सोडणे महेंद्रला शक्य नव्हते. तो परत गेला. पण काल या घरात बॅगा भरल्या गेल्या. दर्शनाने चटणी, लोणचे, त्याची जुनी उशी असे काय काय घेतले. शिकवणीला सुट्टी लागली आहे, मेघनाची परीक्षा संपली आहे. दोघी महिनाभर त्याच्याजवळ राहणार आहेत. आज सकाळी दाराला कुलूप लागले आणि त्यांची पावले जिन्यावरून उतरत गेली. मला वाटले होते, त्या मलाही बरोबर नेतील. नेले नाही. मी रागावलो नाही. जिथे माणूस स्वतः जाऊन पोचतो, तिथे काट्याचे काय काम?

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत कोणी असेल, जो तापत नाही, ओरडत नाही, फक्त हळूहळू कमी बोलू लागतो. त्याला शहाणा झाला असे म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याकडे जा. जाताना काहीतरी खायला घेऊन जा, आणि त्याच्याबरोबर बसून खा.