चादरीखालच्या अळ्या

येमेनमधल्या जबीदच्या बाजारात शौई हकिमाभोवती माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत असत. परातीत पाणी, मध्ये तापवलेला दगड, दगडावर चिमूटभर बी. धूर निघाला की रोग्यानं चादर पांघरून त्यावर तोंड उघडायचं. चादर काढली की पाण्यावर पांढऱ्या अळ्या तरंगत. "डॉक्टर दात उपटतो," शौई म्हणे, "मी आतले भाडेकरू उठवतो. बघा, तुमचं मांस खाऊन कसे गुबगुबीत झालेत!"

माझी आई, गालिया, दर बाजाराला तिथे बसायची. शम्मा, म्हणजे राखेत कालवलेली तंबाखू, ती खालच्या ओठाआड नेहमी एकाच जागी धरायची. तिथे आधी पांढरा चट्टा आला, मग कडक काठाची जखम. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, दुखतंय कुठे? शौई सांगे, अळ्यांचं घरटं अजून शिल्लक आहे, पुढच्या बाजाराला या.

माझ्या लेकीला लस द्यायला दवाखान्यात गेले तेव्हा मी तिथल्या डॉक्टर इल्हामना हे सांगितलं. त्या माझ्यासोबत बाजारात आल्या आणि शौईला गोडीनं म्हणाल्या, "हकीमसाहेब, एकदा कुणाचंही तोंड न धरता धूर करा." रिकाम्या धुराला अळी कशी येईल, असं म्हणून तो हसला. मग त्यांनीच दगडावर बी टाकलं आणि वर नुसती चादर धरली. अळ्या तरंगल्या. हे खुरासानी ओव्याचं बी, त्यांनी सांगितलं. तापलं की फुटतं, आतला वळलेला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो.

कुणी म्हणालं, शौई, आता चादरीचे दात तपास. लोक हसले. तो परात आवरू लागला.

आई हसली नाही. "मग माझ्या तोंडात काय आहे, पोरी?"

इल्हामनी जखमेचा काठ चाचपला. मग हनुवटीखाली बोट नेलं, आणि ते तिथेच थांबलं. तिथे गाठ होती.

"मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "चट्टा होता तेव्हाच यायचं होतं."

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आईचा अर्धा जबडा गेला, जिभेचा मोठा भाग गेला. माझी लेक आता बोलू लागली आहे. ती आजीला हाक मारते. आईला ओ देता येत नाही, म्हणून ती टाळी वाजवते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरला दाखवा. हा रोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. सुरुवातीला तो सहसा दुखत नाही. दुखायची वाट बघू नका. माझ्या आईनं बघितली.