गाठ मारलेला गाऊन

"ही गाठ कुणी मारली?"

दवाखान्यातली मदतनीस गाऊनचं टोक चिमटीत धरून उभी होती. आतून कपडे बदलून आलेल्या मुकादमबाईंनी आधी गाऊनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. गाठ त्यांनीच मारली होती. कधी मारली, ते मात्र त्यांनाही कळलं नव्हतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "सवय हो. क्षयाच्या वॉर्डात छातीचा फोटो काढला की गाऊनला गाठ मारूनच टोपलीत टाकायचा. धुणाऱ्याला लांबूनच कळावं म्हणून."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मदतनिशीने गाऊन टोपलीत सोडला, बेसिनवर जाऊन साबणाने हात खसाखसा धुतले आणि ती सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

मुकादमबाईंचा उभा जन्म सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेला होता. निवृत्त झाल्या तेव्हा त्या तिथल्या मुकादम होत्या आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की नवरासुद्धा त्याच नावाने हाक मारी. तरुणपणी वॉर्डातल्या चादरी झटकता झटकता क्षय त्यांनाही झाला. आपल्याच इस्पितळात त्या खाटेवर पडल्या, एकही गोळी न चुकवता औषध पुरं केलं, खडखडीत बऱ्या झाल्या आणि परत हौदापाशी उभ्या राहिल्या. यात लपवण्यासारखं काय होतं?

पण मुलाने परदेशातून फोनवर घोकून घेतलं होतं. "आई, कायमच्या राहण्याची परवानगी हवी तर तपासणीत पास व्हावं लागतं. क्षय झाला होता का विचारलं, तर नाही म्हण. बस." सूनबाईंचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला तुम्हीच जवळ हव्या, आई, असं ती पोर स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती. तेवढ्या एका शब्दासाठी मुकादमबाई आज सकाळी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर खोटं बोलल्या होत्या.

"आजी, तुम्ही तर नाही म्हणाला होतात," डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडावर धरत म्हणाल्या. वयाने सुनेएवढीच मुलगी. "इथे वरच्या बाजूला डाग आहे. जुना वाटतोय, पण वाटण्यावर मला पास करता येत नाही. थुंकीची तपासणी करावी लागेल. निकाल यायला दोन महिने तरी जातील."

"दोन महिने? अहो, तोवर माझं नातवंड जन्माला येईल!"

"मी काय करू, आजी? आणि आधी नाही म्हणालात, तेही मला कळवावं लागेल."

बाहेर बाकावर नवरा दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला होता. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्याची नजर भिंतीवरच्या सूचनेवर होती. "मुकादम, ही अक्षरं बघ. रंगवणाऱ्याला पैसे दिले नसणार," तो म्हणाला. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि पिशव्या उचलून उठला.

घरी पोचेपर्यंत मुलाला सगळं कळलं होतं. बापाने रिक्षातूनच सांगून टाकलं होतं. फोन वाजला तेव्हा मुकादमबाईंनी अजून चपला काढल्या नव्हत्या.

"आई, गाठ मारायची काय गरज होती गं? एवढं शिकवलं, तरी तू घोळ घातलासच!"

"हातांनी घातला. हातांना नाही शिकवलंस तू."

"हे बघ, मी वकिलाशी बोललोय. आत्ता तुझं नाव काढून टाकू. बाबांचं एकट्याचं होऊ दे, तुझं मागाहून बघू. उगाच दोघांचंही अडकायला नको."

मुकादमबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काढून टाकू? मी काय चादरीवरचा डाग आहे?"

"आई, नियम मी केलेत का?"

"नियम तू नाही केलेस. खोटं तू बोलायला लावलंस. तू दोन वर्षांचा होतास. तुला माझं काही लागू नये म्हणून मावशीकडे ठेवलं होतं. इस्पितळातून सोडल्यावरही औषध संपेपर्यंत तिच्या दारात यायचे आणि काचेच्या खिडकीतून तुला बघून परत जायचे. आई आई करून तू काचेवर थापा मारायचास. तरी आत पाऊल टाकलं नाही मी. आणि तो आजार मी लपवू? लाज वाटते तुला माझी?"

नवऱ्याने हात पुढे करून फोन घेतला. "माझंही नाव काढ," तो शांतपणे म्हणाला. "मुकादमशिवाय मला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नाहीत. तिकडे येऊन काय करू?"

त्याने फोन ठेवला. मग मुकादमबाई रडल्या. दुःखाने कमी, संतापाने जास्त.

नंतरच्या तीन सकाळी त्या उपाशीपोटी दवाखान्यात गेल्या आणि मागच्या गच्चीवर उभं राहून छोट्याशा डबीत थुंकल्या. मग वाट बघणं सुरू झालं. मुलाने नावं काढली नाहीत, पण माफीही मागितली नाही. मधेच एका दुपारी त्याचा फोन आला: मुलगी झाली. पडद्यावर दुपट्यातलं एक लालबुंद तोंड दिसलं. मुकादमबाईंनी बोट पुढे केलं, ते काचेला लागलं, आणि त्यांनी ते झटकन मागे घेतलं.

निकाल आला तेव्हा छातीचा फोटो पुन्हा काढायला बोलावलं. "जंतू नाहीत. डागही तसाच आहे, वाढलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तंदुरुस्त लिहितेय. पहिल्या उत्तराचं मात्र तिकडचे लोक काय करतील, ते मी सांगू शकत नाही."

"बरं," मुकादमबाई म्हणाल्या.

कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी गाऊन उतरवला. बोटं आपोआप कोपऱ्याकडे गेली. त्यांनी ती थांबवली. गाऊन झटकला, बाह्या आत घेतल्या, कडेला कड जुळवली आणि धुलाईखान्यातून वॉर्डात परत जायच्या कपड्यासारखी चौकोनी घडी घातली.

बाहेर तीच मदतनीस बेसिनवर हात धूत होती. तिने पायानेच टोपली पुढे सरकवली.

"टाका यात."

मुकादमबाईंनी गाऊन टोपलीत टाकला नाही. दोन्ही हातांवर घडी धरून त्या समोर उभ्या राहिल्या. बाकावरचे लोक बघू लागले. नवरा पिशव्या सावरत उठला, पण पुढे आला नाही.

"हातात घ्या," मुकादमबाई म्हणाल्या.

मदतनिशीने एकदा डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे पाहिलं. मग ओले हात कपड्याला पुसले आणि घडी घेतली.