जनूचे बूट

"इथे पाय कुठे घसरतो, काका?" सुरभी मॅडमनी विचारलं, तेव्हा बाबाजीने आधी त्यांच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालू असणार.

"कुठं नाय," तो म्हणाला.

निडीजवळच्या या दगडखाणीत तो बावीस वर्षं ड्रिल मशीन चालवत होता. मॅडम चारच दिवसांपूर्वी पेणहून सुरक्षा अधिकारी म्हणून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि बाबाजीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकाच्या माणसाने फुकट चहा पाजला की पुढे कुठेतरी सही करावी लागते, हा त्याचा अनुभव होता.

पाय कुठे घसरतो हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. धूळ बसावी म्हणून टँकर उतारावर पाणी मारायचा. दगडाच्या भुकटीचा चिखल व्हायचा, आणि उन्हाने त्यावर साय धरायची. वरून कोरडं, आत लोणी. गेल्या माघात त्याच्यासोबत काम करणारा जनू तिथूनच घसरून दगड कापलेल्या टप्प्यावरून खाली गेला.

मॅडमनी त्या अपघाताची फाईल उघडली. जनू बूट न घालता आला म्हणून पडला, असं तिच्यात होतं. फोटोत पाय उघडे. खाली साक्षीदार म्हणून बाबाजीची सही. ही बाई आपल्याला अडकवायलाच आली आहे, याची बाबाजीला खात्री झाली.

जनू त्या दिवशी बेशुद्ध होता. बेशुद्ध माणसाचे तळवे चोळायचे, हे बाबाजीला लहानपणापासून माहीत. धावत जाऊन त्याने जनूचे बूट ओढून काढले आणि तळवे चोळत बसला. तेवढ्यात मुकादम आदेशने फोटो काढला. संध्याकाळी कागद पुढे आला. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, एवढंच आदेश म्हणाला. बाबाजीने सही केली. जनूला भरपाई नाकारली. कमरेतून गेलेला जनू आता दिवसभर ओट्यावर बसून असतो, आणि बाबाजी त्या आळीतून जात नाही. त्याला स्वतःची लाज वाटायची, पण सांगणार कोणाला?

"कागदावर कारण 'बूट नव्हते' एवढंच आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "मग मी फक्त बूटच वाटू शकते."

हेही आपल्याला बोलायला लावण्यासाठीच असेल, असं बाबाजीला वाटलं. तेवढ्यात त्याला विशाल दिसला. तीन लेकरांचा बाप, पायात नवे कोरे बूट, खांद्यावर सळई. उताराकडेच निघाला होता.

"विशल्या, थांब तिथंच," बाबाजी ओरडला. मग मॅडमकडे न बघताच म्हणाला, "जनूच्या पायात बूट व्हते. मीच काढले."

मॅडमनी मोबाईल खिशात टाकला आणि कोरा कागद दिला. तुमच्या हातानेच लिहा, म्हणाल्या. हाही डाव असू शकतो, असं लिहितानासुद्धा त्याला वाटत होतं. तरी त्याने उतारावरच्या चिखलापासून सगळं लिहिलं, आदेशच्या नावासकट.

अर्ध्या तासात मालकाच्या केबिनमधून निरोप आला, बाबाजीने मशीनला हात लावायचा नाही. हे होणारच होतं. तो बाजूच्या दगडावर जाऊन बसला. मॅडमनी टँकर बंद करायला लावला होता, आणि विशाल घमेल्याने उतारावर जाडी खडी टाकत होता.

"आणखी डावीकडं टाक," बाबाजी बसल्या जागेवरून म्हणाला. "जनू तिथं पडला."