दोनदा दाबलेली नळी

“हा नाही चालणार,” म्हणत सासऱ्यांनी लीडर तिच्यापुढे परत टाकला.

“आता याला काय झालं, बाबा?”

“टोकाचा मणी बघ. मसुराएवढा हवा. हा मोहरीएवढा केलायस. मासा एका हिसक्यात नळीतून ओढून काढेल.”

तिने दात-ओठ खात लायटर उचलला. सकाळपासून हेच चाललं होतं. मोठे मासे धरणाऱ्या बोटींसाठी गळ आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये लावायचे हे दोरीचे तुकडे, म्हणजे लीडर, त्यांच्या घरात बनत. फ्लोरोकार्बनची ही नायलॉनसारखी दोरी काडेपेटीतल्या काडीसारखी ताठ. तिला गाठ मारायला जावं तर ती आपल्यालाच नाचवते. म्हणून दोन्ही टोकांना फास करायचा, तो धातूच्या इवल्याशा नळीतून ओवायचा, उरलेलं टोक वितळवून त्याचा मणी करायचा आणि मग नळी पकडीने दाबायची. मणी सुनेने करायचे, दाबणं सासऱ्यांचं. ती पकड त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती.

आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं. मागच्या आजारपणापासून म्हाताऱ्याच्या हातातला जोर गेला होता. चेहरा लालबुंद व्हायचा, मानेच्या शिरा फुगायच्या आणि नळी आपली अर्धीमुर्धी दबलेली. “मी दाबते ना,” असं तिने एकदाच म्हटलं, तर दोन दिवस घरात अबोला. नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणे, “तुमचं तुम्ही बघा.” वा रे वा! मग तिनेच मार्ग काढला. दुपारी सासरे आडवे झाले, की ती गुपचूप टोपली ओढायची आणि एकेका नळीवर पुन्हा पकड मारायची. बिघडलेली नळी कापून टाकायची, तिच्यावर दुसऱ्यांदा पकड लावायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण कापून टाकावं, तर टोपली अर्धी व्हायची आणि त्यांना कळलं असतं. तिला त्यांचा राग यायचा, आणि टोपली ओढताना त्यांची दयाही यायची.

दार न वाजवताच बोटवाला आत आला. सासऱ्यांकडूनच लीडर न्यायचे, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. आज मात्र त्याने खिशातून एक फास काढून टेबलावर आपटला.

“काका, हे बघा! एवढं धूड बोटीला टेकलं होतं. मी वाकलो आणि फट्‌! गळासकट अर्धा लीडर घेऊन गेलं. हातात राहिलं एवढंच.”

“बस तरी आधी.”

“बसून काय करू? बोटीवरची पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. राग मानू नका, काका, पण आता दुकानातले तयारच घेतो. तुमचंही वय झालं.”

सासऱ्यांनी फास उचलला. चष्मा कपाळावरच राहिला. ते नुसता अंगठा फिरवत होते. दोरी सुटली नव्हती, नळीच्या तोंडाशी कातरल्यासारखी तुटली होती. नळीवर दाबाच्या दोन खुणा होत्या. एक मधोमध, उथळ. दुसरी खोल, पार काठापर्यंत सरकलेली. काठ दाबला, की तो दोरीला चावतो.

तिने हातातला लायटर खाली ठेवला. सासऱ्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, एकदाच.

“माझंच चुकलं,” ते बोटवाल्याला म्हणाले. “जोर लागला नाही, म्हणून पुन्हा दाबली. हात गेला माझा.”

“काहीतरी काय बोलताय, बाबा! ते मी—”

“तू मध्ये बोलू नकोस.” मग त्याला म्हणाले, “यापुढे सूनबाई दाबेल. तिचा हात चांगला आहे. एक खेप नेऊन बघ, मग दुकानात जा.”

बोटवाल्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं, मान खाजवली. “एकच खेप हं, काका,” म्हणून तो निघून गेला.

दार लागताच ती उसळली. “काय गरज होती? इतक्या वर्षांचं नाव तुमचं! माझी चूक मला बोलू दिली असती, तर काय आभाळ कोसळलं असतं?”

“आणि तू मला सांगितलं असतंस तर?”

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संताप आला.

सासऱ्यांनी पकड टेबलावरून तिच्याकडे सरकवली. मुठीवरचं रबर त्यांच्या बोटांच्या जागी झिजून खोलगट झालं होतं. तिची बोटं त्या खळग्यांत नीट बसेनात. त्यांनी लायटर घेतला. तो लगेच पेटेना. बऱ्याच वेळाने त्यांनी ओवलेला फास तिच्यापुढे धरला.

मणी मोहरीएवढा होता.

तिने पकड उघडली. आत्ता घ्यावा आणि ते झोपले, की बदलावा, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. मग तिने पकड खाली ठेवली.

“हा नाही चालणार, बाबा.”

सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, मणी उजेडाकडे धरून निरखला.

“बरोबर,” ते म्हणाले. मग टोक कापून त्यांनी लायटर पुन्हा पेटवला.