डिंपनाचे आवाज

"पहिला फेरा डिंपना म्हणेल," शेजारची सबीना म्हणाली आणि जपमाळ घेऊन गुडघ्यांवर बसली. तिच्यामागोमाग खोलीतली सगळी माणसं धडाधड गुडघ्यांवर आली.

समोर पलंगावर आईचा देह, मेलेल्यांच्या तपकिरी झग्यात निजवलेला. संध्याकाळी तिला चर्चमध्ये न्यायचं होतं. त्याआधी घरच्यांनी एकेक फेरा प्रार्थना म्हणायची, पहिला मान थोरल्या लेकीचा. आयर्लंडातल्या मेयो परगण्याची रीतच ती, त्यात विचारायचं काय! पण डिंपनाला एक प्रश्न पडला होता आणि तो कुणाला विचारण्यासारखाही नव्हता. म्हणायचं कुठल्या आवाजात?

हसू नका. त्या बाईपाशी खरोखरच आवाजांचा बाजार भरला होता. कोवळ्या वयात ती गाव सोडून डब्लिनला नाटकात गेली, तिथं तिचं गावंढळ बोलणं घासूनपुसून लख्ख केलं. मग हॉलिवूडला गेली, तर तिथला उच्चार शिकवणारा मास्तर म्हणतो कसा, "बाई, तुम्ही आयरिश वाटतच नाही!" मास्तर अमेरिकेतल्याच पिट्सबर्गचा. आयर्लंड त्यानं नकाशात पाहिलेलं. त्यानं हिला आयरिश बोलायला शिकवलं: वाक्यावाक्याला हेल, आणि उठताबसता देवाचं नाव. त्या बोलण्यावर डिंपनानं वीसएक वर्षं पोट भरलं. आधी मोलकरणी केल्या, मग सुइणी, आणि तिशी उलटली तशा आया. मुलाला पोलिसांनी धरून नेलं की एप्रनला हात पुसत दारात उभी राहणारी आई, ती डिंपना. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव मात्र कुणाला आठवायचं नाही.

आईनं तिचा एकच सिनेमा पाहिला, जवळच्या बॅलिना शहरात जाऊन. थेटराबाहेर येऊन म्हणाली, "ती काही आपली डिंपना नव्हे. असं कुणी बोलतं का?" सबीनानं हे आज सकाळी चहा ओतता ओतता, हसत हसत सांगितलं होतं. डिंपनाही हसली होती. तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"चल पोरी, म्हण," सबीना म्हणाली.

डिंपनानं क्रुसाची खूण केली. "नमो मरिया..." आणि निघाला तो मास्तरचा आवाज, हेलासकट! दाराशी बसलेल्या दोन पोरींना हसू आवरेना. डिंपनाचे कान तापले. ती थांबली, खाकरली, पुन्हा सुरू केलं. या खेपेला डब्लिनचा आला.

"बिशपसाहेब आले वाटतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

आता तिला रडू यायला लागलं आणि तिथंही घोळ! डोळ्यांत पाणी येतंय तोच मान आपोआप खिडकीच्या उजेडाकडं वळली. कॅमेऱ्यासमोरची सवय, दुसरं काय? तिला स्वतःची शिसारी आली. आई मेली माझी, आणि मला धड रडताही येऊ नये? हे रडणं तरी माझं आहे ना?

तिनं डोळे मिटून घेतले. जे येईल ते येऊ दे, मनाशी म्हणाली. आणि प्रार्थना आली. घाईघाईची, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी. शेवटचे शब्द गिळलेले, श्वासाला बारीक शीळ. आता खोलीतल्यांनी पुढचं अर्धं म्हणायचं, तर कुणी तोंडच उघडेना.

डिंपनानं डोळे उघडले. सबीना पांढरीफटक पडली होती.

"अगं बया, ही तर विनी!" ती म्हणाली. विनी म्हणजे पलंगावरची आई.

फेस्टस, डिंपनाचा धाकटा भाऊ, उठला, माळ खिशात कोंबली आणि बाहेर निघून गेला. उरलेला फेरा डिंपनानं पुरा केला. कसा केला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आईला माती दिली. माणसं पांगली. फेस्टसनं लग्न केलं नव्हतं. जन्म आईबरोबर त्याच घरात काढला. डिंपना बटाटे उकडत होती तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कालचं ते सोंग होतं का?"

"मला माहीत नाही रे."

"माहीत नाही कसं? धंदा आहे तुझा."

"म्हणून तर कळत नाही, फेस्टस! माझं वय झालं म्हणून आवाज तिच्यासारखा झाला, की मी तिची नक्कल केली, मलाच उमगत नाही. देवाशपथ सांगते. रागावू नकोस."

त्यानं हातातली टोपी फिरवली.

"एकदा मला हाक मार," तो म्हणाला. "आई जेवायला बोलवायची ना, तशी. मी गोठ्याकडं जातो."

चाळिशी ओलांडलेला गडी, गेला खरंच. डिंपना दारात उभी राहिली. पहिल्या नाटकालाही ती इतकी घाबरली नव्हती.

"फेस्टस! ए फेस्टस! बटाटे निवताहेत रे!"

तो आला. पायरीवर बूट घासले, हात धुतले, आपल्या जागेवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. डिंपनानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रडून झाल्यावर तो मुकाट्यानं जेवायला लागला.

डिंपनाला वाटलं, आता मला. मलाही कुणीतरी हाक मारावी. तिनं ओठांतल्या ओठांत स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. मास्तर आला. पुन्हा घेतलं, डब्लिन आलं. आई काही येईना.

"फेस्टस, मला कशी हाक मारायची रे ती?"

त्याचा घास थांबला. त्यानं खरोखरच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून.

"नाही आठवत गं," तो म्हणाला. "मी लहान होतो. मग तू गेलीस. नंतर कशाला मारेल हाक? तू होतीस कुठं?"

त्यात टोमणा नव्हता. होतं ते त्यानं सांगितलं आणि लोणी तिच्याकडं सरकवलं.

"खरंय," डिंपना म्हणाली, आणि बटाटा सोलायला घेतला.