कापसाची बोटं

"हात सरळ! ए काशीराम, सरळ म्हणजे सरळ. भीक मागतोयस काय?"

फोरमन राजाराम रांगेतून फिरत एकेकाचं कोपर पट्टीने वर करत होता. मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तेरसे साहेबांच्या कारखान्यापुढे, तीसेक माणसं उजवा हात पुढे करून उभी होती. त्यांच्याकडे तोंड करून लवू परब उभा होता. त्याचाही हात सरळ होता, फक्त त्या हाताला बोटं तीनच होती. अंगठ्याशेजारची दोन नव्हती.

"भारत माझा देश आहे," लवू म्हणाला.

"भारत माझा देश आहे," रांग म्हणाली.

कुणी जांभई देत म्हणत होतं, कुणी तंबाखूचा बार गालात सारून. लवू पुढचं म्हणत गेला, रांग मागून येत गेली. मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली.

"थांबा जरा," तो म्हणाला.

"थांबा जरा," तीस गळ्यांतून आलं.

कुणी हसलंसुद्धा नाही. लवूला त्या रांगेची किळस आली, आणि तिला रोज सकाळी असं बोलतं करणाऱ्या स्वतःच्या आवाजाची तर त्याहून जास्त. उद्या मी 'म्हशीला चारा घाला' म्हटलं तरी हे म्हणतील आणि कामाला लागतील, असं त्याच्या मनात आलं. त्याने खाकरून घसा साफ केला आणि उरलेला देश उरकून टाकला.

हे खूळ साहेबांनी कुठल्याशा मोठ्या हॉटेलातल्या परिषदेतून आणलं होतं. तिथे कुणीतरी सांगितलं, की जपानात कामगार कामाला लागण्याआधी कारखान्याचं गाणं म्हणतात, म्हणून जपान पुढे गेला. आता गाणं लिहून घ्यायचं तर कवीला पैसे मोजावे लागणार. प्रतिज्ञा फुकट तयार होती. साहेबांनी फर्मान काढलं, की प्रतिज्ञा झाल्याशिवाय एकाही मशीनचं बटण दाबायचं नाही. स्वतः मात्र ते वर केबिनमध्ये चहा पीत काचेतून आपला देश बघत.

आवाजासाठी लवूची निवड झाली. लालबागच्या गिरणीत त्याचं अख्खं तरुणपण साच्यांच्या धडधडाटात ओरडून बोलण्यात गेलं होतं. संपात गिरणी गेली, आवाज तेवढा उरला. चंद्रप्रकाश तेरसे म्हणजे कणकवलीकडचेच, आपला माणूस, म्हणून लवू त्यांच्याकडे लागला. आपल्या माणसाने त्याला तीन नंबरच्या पॉवर प्रेसवर बसवलं. बूटपॉलिशच्या डबीची झाकणं तिथे ठोकली जात. पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून पंचचा लोखंडी ठोकळा येतो, झाकण तयार.

त्या प्रेसला पुढून लोखंडी जाळी होती. पेडल दाबलं की आधी जाळी खाली यायची, हात बाहेर ढकलायची आणि मगच पंच पडायचा. पण जाळीमुळे दिवसाकाठी झाकणं कमी निघत. साहेबांनी ती काढून स्टोअरमध्ये ठेवली. सरकारी इन्स्पेक्टर येणार असला की ती लागायची, त्याची पाठ फिरली की उतरायची. अशाच एका उतरलेल्या दुपारी लवूची दोन बोटं गेली. दवाखान्याचा खर्च साहेबांनी केला, आणि नंतर प्रत्येक पाहुण्याला तो ऐकवला. लवूला पॅकिंगमध्ये बसवलं. तीन नंबरवर आता भांडुपच्या कोळीवाड्यातला अनंता बसत होता.

अनंताची खाडी सांडपाण्याने काळी झाली होती, मासळी रोडावली होती, म्हणून तो पत्रा ठोकायला आला होता. तरी रोज कामावरून गेल्यावर तो जाळं विणायचा. जेवणाच्या सुट्टीतही त्याची बोटं नसलेल्या दोऱ्याला गाठी मारत असत. त्या बोटांकडे बघितलं की लवू नकळत ती मोजू लागायचा. दुपारच्या गुंगीत अनंता दोनदा हात बाहेर काढण्याआधीच पेडल दाबून बसला होता, आणि दोन्ही वेळा नशिबाने वाचला होता.

"राजारामला सांग ना, जाळी लाव म्हणून," लवू त्याला म्हणाला होता.

"सांगितला. बोलला, घाबरतोस तर घरी बस. घरी बसून काय खाऊ, खाडीतला साबण?"

सत्त्याऐंशी सालची सव्वीस जानेवारी जवळ आली. यंदा कारखान्यात झेंडावंदनाला कुठल्याशा उद्योजक मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब येणार होते, सोबत फोटोग्राफर आणणार होते. चांगल्या कारखान्याला मंडळ ढाल देणार होतं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये तिच्यासाठी खिळा आधीच ठोकून झाला होता. दोन दिवस आधी साहेब स्वतः तालमीला खाली उतरले. डोळे मिटून, हात पुढे करून, त्यांनी रांगेसोबत प्रतिज्ञा म्हटली. डोळे मिटले की चेहरा भारदस्त दिसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदाच समोरचे हात नीट पाहिले.

"राजाराम, हे काय? पुढच्या रांगेत तीन हात तुटके! फोटोत कसं दिसेल ते? पुरी बोटंवाले पुढे घे."

बोटं मोजून माणसं मागेपुढे झाली. मग साहेबांची नजर लवूवर आली. त्याला मागे पाठवणं शक्य नव्हतं, दुसऱ्या कुणाचा आवाज फाटकापर्यंतही पोचत नव्हता. साहेबांनी वरून एक पांढरा हातमोजा मागवला, बँडवाले घालतात तसला.

"हा घाल. रिकाम्या दोन बोटांत कापूस भर. झकास दिसेल."

लवूने मोजा घेतला. इतक्या दिवसांत साहेब इतके जवळ प्रथमच उभे होते, म्हणून त्याने बोलून घेतलं. "साहेब, तीन नंबरची जाळी तेवढी लावा. अनंता दोनदा वाचलाय."

"लवू, अरे उत्पादन हीसुद्धा देशसेवाच आहे. सीमेवरचा जवान जाळी मागतो का?"

"जवानाला बंदूक देतात, साहेब."

साहेबांना हे आवडलं नाही. "सव्वीस तारीख होऊ दे, मग बघू," असं म्हणून ते जिना चढून गेले. साहेबांचं 'मग बघू' म्हणजे काय, ते लवूला दोन बोटं देऊन कळलं होतं.

कांजूरमार्गच्या खोलीत त्याच्या बायकोने, जानकीने, उशीची शिवण उसवून कापूस काढला आणि मोज्याच्या बोटांत सुईच्या टोकाने ठासला.

"मशिनान खाल्लेली बोटां आता कापसान परत लावतास?" ती म्हणाली. "माका सांगा, देश काय बोटां मोजून घेता?"

"देश खय घेता? साहेब घेता."

"मगे तुमी कित्याक त्याच्या फुडे हात करतास?"

लवूने मोजा घालून पाहिला. कापसाची बोटं खऱ्या बोटांपेक्षा सरळ उभी राहिली होती.

सव्वीस तारखेला पताका लागल्या, जिलबीचं टोपलं आलं. नानासाहेब खादीचा नवाकोरा कडक झब्बा घालून आले आणि त्यांनी दोरी ओढली. दोरी अडकली, राजारामने शिडीवर चढून झेंड्याची गाठ सोडवली, मग टाळ्या झाल्या. नानासाहेब त्याग या विषयावर बोलले. बोलताना त्यांचं अर्धं लक्ष जिलबीच्या टोपल्यावरच्या माश्यांकडे होतं. पुढच्या रांगेत अनंता होता. पुरी बोटं असल्यामुळे त्याला हा मान मिळाला होता.

मग प्रतिज्ञा झाली. लवूने मोज्यातला हात पुढे केला. साहेबांनी हात केला, नानासाहेबांनी केला, दोघांनीही डोळे मिटले. लवूचा आवाज इस्टेटच्या टोकापर्यंत गेला. सारे भारतीय माझे बांधव आहेत, असं तो म्हणाला, आणि साहेबांनी ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की लवूच्या अंगाची आग झाली. त्याला अनंताची दहा बोटं ओळीने दिसत होती. शेवटचं वाक्य झालं. आता 'जय हिंद' म्हणायचं होतं.

लवू म्हणाला, "तीन नंबरच्या प्रेसची जाळी,"

"तीन नंबरच्या प्रेसची जाळी," रांग म्हणाली. साहेबही म्हणाले.

"आजच्या आज परत बसवण्याची,"

"आजच्या आज परत बसवण्याची,"

"मी प्रतिज्ञा करत आहे."

"मी प्रतिज्ञा करत आहे," साहेबांनी डोळे मिटून, मान डोलावून म्हटलं. एकटा राजाराम तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"जय हिंद!"

"जय हिंद!"

नानासाहेबांनी डोळे उघडले. "वा तेरसे, वा! शेवटी कामगारांच्या सुरक्षेची खास ओळ घातलीत. ही कल्पना मी मंडळात मांडतो. चला, ती जाळी बसवतानाचाच फोटो घेऊ."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण ते हसले. आलेलं श्रेय सोडणारे ते नव्हते. स्टोअरमधून जाळी आली, राजारामने तिच्यावरची धूळ आपल्याच बाहीने पुसली आणि ती बसवली. साहेबांनी हातात पाना धरून फोटो काढून घेतला. ढाल जिन्यावरून वर गेली. अनंताने जिलबी खाताखाता लवूला कोपराने ढोसलं. "लवू, तू यार पोचलेला आहेस!" त्या रात्री लवूला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तीन नंबरची जाळी काढलेली होती.

साहेब त्याचीच वाट बघत फाटकाशी उभे होते. "काल माझ्या तोंडून वदवून घेतलंस, काय?"

"तुम्ही म्हटलात, साहेब. सगळ्यांनी ऐकलं."

"अरे, प्रतिज्ञा म्हणायची असते. पाळायची असते हे कुणी सांगितलं तुला? आज पॉलिशवाल्याचा ट्रक यायचाय. चल, नेहमीची म्हण आणि लोकांना कामाला लाव."

रांग उभी राहिली. जाळी गेलेली सगळ्यांनी पाहिली होती, आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. काल म्हणताना ज्यांचे गळे फाटत होते, त्यांच्यातला एकही जण आज खाकरायलाही तयार नव्हता. लवूने खिशातून कालचा हातमोजा काढला, घडी करून राजारामच्या हातात दिला आणि आपला तीन बोटांचा हात पुढे केला. रांगेने हात पुढे केले. तो म्हणेल ते म्हणायला तोंडं उघडली.

लवू काहीच म्हणाला नाही. आणि रांगेनेही त्याच्यामागून काहीच म्हटलं नाही.

हात तसेच राहिले. शेजारच्या गाळ्यातल्या लेथचा आवाज ऐकू येऊ लागला. प्रतिज्ञा झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असं साहेबांचंच फर्मान होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, फाटकाबाहेर ट्रक दिसतो का ते पाहिलं.

"बोल ना रे!" ते ओरडले.

"बोल ना रे," मागच्या रांगेतून दोघातिघांनी म्हटलं.

लवूने हात खाली घेतला. त्याला आता रागही येत नव्हता. "राजाराम, तू म्हण," साहेब म्हणाले, "आणि ह्याचा हिशेब करून टाक." राजारामने प्रतिज्ञा म्हटली, निम्मी विसरला, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लवू आपला डबा घेऊन फाटकाबाहेर पडला. रांगेतल्या एकानेही मान वळवली नाही.

तो चहाच्या टपरीवर बसला. आत एकेक मशीन सुरू झालं. अर्धा ग्लास होतो न होतो तोच अनंता बाहेर आला. त्याच्याही हातात डबा होता.

"काय रे?" लवूने विचारलं.

"बसलो. पेडलवर पाय ठेवला. मग बघितला समोर, तर जाळीच्या जागी नुसती भोकं. उठलो." त्याने चहा सांगितला. "राजाराम बोलला, तुझ्यासारखे छप्पन मिळतील."

"मिळतील."

"मिळू देत."

छप्पन कशाला, एकच पुरला. दुपारपर्यंत तीन नंबरवर काशीराम बसला होता, आणि प्रेस चालू होता.

त्या आठवड्यात कामं शोधून थकल्यावर लवू एका सकाळी भांडुपच्या खाडीवर गेला. अनंता बांधावर जाळं पसरून बसला होता. पाणी काळंच होतं, मासळीची आशा फारशी नव्हती. तरी त्याची दहाही बोटं फाटक्या भोकांवरून चालत होती, आणि लवू नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. मागे म्युनिसिपालिटीच्या शाळेची घंटा झाली. थोड्या वेळाने पोरांचा एकसुरी आवाज आला. भारत माझा देश आहे.

लवूचा हात आपोआप उचलला गेला. त्याने तो चिडून खाली घेतला.

"लवू, ह्या टोकाला धर जरा," अनंता मान वर न करता म्हणाला. "ढिला पडतंय."

लवूने जाळ्याचं टोक आपल्या तीन बोटांत पकडलं आणि ताणून धरलं.

"हात सरळ ठेव रे," अनंता म्हणाला.

लवूने ठेवला, आणि अनंताने शेवटची गाठ मारेपर्यंत तो तसाच उभा राहिला.